गुराख्याचा खांदा

बैल गेले त्याला तिसरा दिवस होता. डोंगरावरच्या कुरणात मुक्कामाला ठेवलेले अकरा बैल, आठ घरांचे, सकाळी जागेवर नव्हते. राहिला होता एकटा गुराखी, आणि त्यालाही जमादाराने उचलून चौकीत नेलं होतं. इकडे जमीन कुणासाठी थांबते? पेरणीजोगी ओल अजून चार दिवस, ओढूनताणून पाच. त्यानंतर पेरलं काय आणि दगडावर उधळलं काय, सारखंच.

त्या अकरांत एक जोडी हाडवैद्याच्या घरची होती. मुलाने वासरं असल्यापासून वाढवलेली. आता पेरणीच्या पाभरीला बैलांच्या जागी एका बाजूला मुलगा होता आणि दुसऱ्या बाजूला सून. खांद्यावरून पट्टा, छातीवर दोर. मागून हाडवैद्याची बायको चाड्यात मुठीने दाणे सोडत चालली होती. दगड लागला की पाभर अडे, आणि दोघं पुढे झुकून पडता पडता सावरत. हाडवैद्य बांधावर बसून बघत होता. सकाळी त्यानेही पट्ट्याला हात घातला होता, पण मुलगा म्हणाला, "तुम्ही नका. तुमचा हात दुखावला तर सगळंच बसेल." ते खरं होतं, म्हणूनच जास्त लागलं.

ऊन चढायच्या सुमारास चौकीचा शिपाई बांधावरून आला.

"तात्या, साहेबांनी बोलावलंय. तेलाची बाटली घेऊन."

सगळा गाव हाडवैद्याला तात्याच म्हणे. "काय झालं?"

"खांदा निखळलाय. गुराख्याचा. पडला तो."

"कुठून पडला?"

शिपाई जरा घुटमळला. "उभ्या उभ्याच पडला," म्हणाला, आणि पायातला काटा बघायला खाली वाकला. पायात काटा नव्हता.

पाभरीमागून बायकोने ओरडून विचारलं, "बोलला का काही?"

"बोलेल की काकू. आज नाही तर उद्या."

चौकी म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत टेबल, वही, पाण्याचा माठ. जमादार बूट काढून, मिठाच्या गरम पाण्यात पाय सोडून बसला होता. टाचांना भेगा पडल्या होत्या त्याच्या. तीन दिवस डोंगर तुडवत होता. त्याने नुसती मान हलवून मागची खोली दाखवली.

मागच्या खोलीत पूर्वी धान्य ठेवत. खिडकी उंच, हाताला न लागणारी. आढ्याला एक दोर होता, आणि त्याचं खालचं टोक कुणीतरी घाईने वर गुंडाळून ठेवलं होतं. गुराखी भिंतीला टेकून बसला होता. उजव्या हाताने त्याने डावा हात धरला होता, दुसऱ्याचं पोर सांभाळायला दिल्यासारखा. दोन्ही मनगटांवर वळ होते. उभ्या उभ्या पडलेल्या माणसाच्या मनगटांवर वळ उठत नाहीत, हे हाडवैद्याला कुणी शिकवायला नको होतं.

"तात्या, मी झोपलो होतो," गुराखी म्हणाला. "आईशपथ झोपलो होतो."

"बोलू नको. आडवा हो."

हाडवैद्य हे काम मामाकडून शिकला होता, आणि मामाने त्याला आधी जनावरांवर शिकवलं होतं. जनावर सांगत नाही कुठे दुखतं, बोटांनी शोधायचं. मामा म्हणे, "माणूस सांगतो, पण त्याला विचारायचं ते हात लावायच्या आधी. दाबून विचारलंस तर तो सगळीकडेच दुखतं म्हणणार. हात लागल्यावर माणूस बोलत नाही, दुखणं बोलतं." चाळीस वर्षांत हे कधी खोटं ठरलं नव्हतं.

त्याने गुराख्याच्या काखेत टाच रोवली, मनगट वळ टाळून धरलं आणि हळूहळू ताण घेत त्याचं लक्ष दुसरीकडे न्यायला विचारलं, "तुझ्या शेळीला यंदा किती पिल्लं?"

"दोन. एक गेलं, दुसरं—"

आतून कट्ट आवाज आला. गुराखी ओरडला आणि मग एकदम गप्प झाला. त्याच्या कपाळावर घाम डवरून आला, तोंडाचा आकार पुन्हा माणसासारखा झाला. हाडवैद्याने हात पोटाशी घेऊन पट्टीने गळ्यात बांधला.

बाहेर येऊन तो जमादाराला म्हणाला, "एकवीस दिवस हा हात वर करायचा नाही."

"एकवीस?" जमादार हसला, पण हसू काही चेहऱ्यावर टिकलं नाही. "तात्या, चार दिवसांनी नदीपलीकडे जनावरांचा बाजार. तिथे बैल गेला, शिंगं तासली, नवा डाग दिला, की मालकाने मिठी मारली तरी बैल ओळखू येणार नाही. एकवीस दिवस कुणाच्या बापाकडे आहेत?"

"साहेब, एकदा निघालेला खांदा पुन्हा निघाला तर मग सवय लागते त्याला. अंगरखा घालतानासुद्धा सहज निघतो."

"सहज निघतो?" जमादाराने पाय पाण्यातून वर घेतले.

आपण भलतंच बोलून बसलो, हे हाडवैद्याच्या तेव्हा लक्षात आलं. पण तोंडातून गेलेलं आणि नदीत गेलेलं कोण परत आणणार?

जमादार काही राक्षस नव्हता. पाय पुसत म्हणाला, "मला हौस आहे का रे? घरी गेलो की बायको ताट वाढते आणि तोंडाकडे बघत नाही. पण हिशोब तूच कर. एकीकडे आठ घरं, त्यांची पेरणी, त्यांचं वर्ष. दुसरीकडे एका माणसाचा खांदा. तोही तू बसवून देतोस. आणि आठांत तुझंही घर आहे."

"त्याला ठाऊकच नसलं तर?"

"ते विचारल्याशिवाय कळणार कसं?"

हाडवैद्याने तेलाची बाटली उचलली आणि घरची वाट धरली. दुकानाच्या पायरीवर बसलेल्यांपैकी एकाने हाक मारली, "काय तात्या, झाली का चोराची मालिश?" बाकीचे हसले. त्यांतल्या दोघांचे बैल गेले होते, तेही हसले.

घरी सून पाठमोरी बसली होती आणि सासू तिच्या खांद्याला तेल लावत होती. पट्ट्याने कातडं सोललं होतं, चार बोटं रुंद. सुनेने खाली मान घालून म्हटलं, "बैलाचं बरं असतं सासूबाई. त्याला कुणी सारखं 'अजून थोडं, अजून थोडं' म्हणत नाही."

"म्हणतात गं. तो ऐकत नाही एवढंच."

दोघी हसल्या. मग तेल झोंबलं आणि सुनेचं हसू मध्येच तुटलं.

मुलगा दाराशी बसून हाताचे फोड बघत होता. बापाकडे न बघता म्हणाला, "बरा केलात त्याला?"

"खांदा बसवला."

"छान. आता जेवूनखाऊन चार दिवस काढेल. तोवर बाजार होऊन जाईल." मग जरा थांबून म्हणाला, "त्या दिवशी ओढ्यापलीकडचा दोरवाला कुरणात होता. दोर वळायला घायपात कापत होता म्हणे. अंधार पडेपर्यंत कुणी घायपात कापतं? ह्या दोघांचं काहीतरी असणार."

"तो दर आठवड्याला कापतो."

"तुम्ही सगळ्यांचीच बाजू घ्या."

बायको हात पुसत जवळ आली. तिचा आवाज नेहमी कामाचा असे, आज मऊ होता. ते हाडवैद्याला जास्त जड गेलं. "अहो, तुमच्या हातात आहे तो. तुमच्यापुढे खोटं नाही बोलायचा. पोलिसाचा मार वेगळा. तुम्ही नुसतं विचारा. त्याचं काही वाईट करा असं मी म्हणते का? नुसतं विचारा." आणि मग सुनेकडे बघून, "हिला अजून चार दिवस असं ओढायला लावणार आहात का?"

हाडवैद्याने पट्ट्यांचं गाठोडं पुढे ओढलं. संध्याकाळपर्यंत तो पट्ट्या गुंडाळत बसला. गुंडाळलेल्या सोडल्या, पुन्हा गुंडाळल्या.

चौथ्या दिवशी सकाळी शिपाई आला. या वेळी तो पडला-बिडला काही म्हणाला नाही. फक्त म्हणाला, "तोच."

तोच खांदा, त्याच बाजूचा. पट्टी सोडून कोपऱ्यात टाकली होती. गुराखी आता ओरडत नव्हता. दातांत स्वतःच्या अंगरख्याची बाही धरून बसला होता, आणि तिच्यावर रक्ताचा डाग होता. त्याने हाडवैद्याला बघितलं आणि त्याचे डोळे भरले. सुटका आली असं त्याला वाटलं असावं.

जमादार दारात उभा राहिला, हातात वही. "तात्या, आज जरा उशिरा बसव. हात धर, ताण दे, आणि विचार. मग बसव. तुला काही नवीन करायला सांगत नाही मी. तू नेहमी करतोस तेच, फक्त थोडा वेळ जास्त."

"साहेब, ते काम तसं नाही."

"कुणी ऐकतंय का इथे? दोन बोलांचं तर काम. दोन बोल, आणि याचीही सुटका, आपलीही."

हाडवैद्य खाली बसला. मनात म्हणाला, विचारणार नाही. काखेत टाच रोवताना म्हणाला, विचारणार नाही. ताण घेतला आणि हाड वाटेवर आलं. त्याच्या बोटांना ते कळलं, आता अर्धं बोट पुढे की बसलं. त्याच क्षणी त्याला सुनेचा सोललेला खांदा दिसला, आणि त्याने हात तिथेच थांबवला.

"बैल कुठे आहेत?"

गुराख्याने डोळे उघडले. आधी त्याला कळलंच नाही. शेळीबद्दल विचारतील असं वाटलं असेल. मग कळलं.

"तात्या, मला ठाऊक नाही."

हाडवैद्याने धरून ठेवलं. "कुणी नेले?"

"ठाऊक नाही... तात्या, बसवा ना..."

"दोरवाला होता का?"

हे नाव कुठून आलं ते त्याला नंतर कधीच नीट सांगता आलं नाही. जिभेवर होतं, आलं.

गुराखी त्याच्याकडे बघत राहिला. त्याचा श्वास कुत्र्यासारखा आत-बाहेर होत होता. "हो," तो म्हणाला. "होता. दोरवालाच."

"अजून कोण?"

"तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल ते हो म्हणतो. फक्त बसवा."

हाडवैद्याने अर्धं बोट पुढे ओढलं. कट्ट झालं. पण दारातला जमादार तोवर वळला होता. शेवटचं वाक्य त्याने ऐकलं की नाही देव जाणे. पेन्सिल तोंडाने ओली करून तो लिहीत होता. हाडवैद्य लिहायवाचायला शिकला तोच पंचेचाळिसाव्या वर्षी, तेही नातेवाइकांची पत्रं वाचण्यापुरतं, पण उलट्या बाजूनेही त्याला ते वाचता आलं: *गुराख्याने आपखुशीने सांगितलं*.

"साहेब, ते नाव—"

"शाब्बास तात्या," जमादार म्हणाला. त्याच्या आवाजात खरंच आनंद होता. "तीन दिवस आम्हाला जमलं नाही ते तू पाच मिनिटांत केलंस."

बातमी त्याच्या आधी घरी पोचली. मुलगा दारात उभा होता, कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्याने बापाच्या पायांना हात लावला. बायकोने न विचारता गूळ घालून गरम दूध पुढे केलं. दुकानाच्या पायरीवरचे लोक आज हसले नाहीत, उठून उभे राहिले. दुपारी शिपाई आणि वीस-पंचवीस माणसं ओढ्यापलीकडे दोरवाल्याच्या घरी गेली. अंगणातला सगळा घायपात उपसला, वळलेले दोर रस्त्यावर फेकले, मागची घळ पालथी घातली. शेणाचा पो सुद्धा मिळाला नाही. दोरवाल्याला घेऊन परत आली. त्याची बायको अर्ध्या वाटेपर्यंत मागे आली, मग घरात पोरं एकटी होती म्हणून परत फिरली.

"लपवलेत दुसरीकडे," मुलगा रात्री जेवताना म्हणाला. "बोलेल उद्या."

हाडवैद्याने ताट बाजूला सारलं. मुलगा उठून गेल्यावर तो बायकोला म्हणाला, "मी धरून विचारलं. हाड वाटेवर असताना."

"मग? सांगितलं ना त्याने?"

"त्याने नाही सांगितलं. मी सांगितलं. तो हो म्हणाला."

बायको भांडी गोळा करत होती. तिचा हात थांबला. "म्हणजे दोरवाला नव्हता?"

"ते मला काय ठाऊक? होताही असेल. पण गुराख्याला कुणाचंही नाव विचारलं असतं तर तो हो म्हणाला असता. तुझं नाव घेतलं असतं तरी."

तिने भांडी पुन्हा खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, "मीच म्हटलं होतं तुम्हाला, विचारा म्हणून."

"हात माझा होता."

पाचव्या दिवशी शिपाई आला तेव्हा हाडवैद्य आधीच उंबऱ्यावर उभा होता. शिपाई खाली बघत म्हणाला, "दोरवाल्याचा." हाडवैद्याने तेलाची बाटली घेतली, पट्टी घेतली, आणि पाभरीपाशी जाऊन मुलाला म्हणाला, "चल माझ्याबरोबर."

"पेरणी सोडून?"

"चल."

चौकीपुढे आठही घरांची माणसं जमली होती. कुणी बिड्या ओढत होतं, कुणी नुसतं उभं होतं. वाट बघून माणसं चिडतात तशी चिडलेली होती. हाडवैद्य आला तशी वाट झाली. एक जण म्हणाला, "तात्या, आज सोडू नका त्याला."

मागच्या खोलीत गुराखी एका कोपऱ्यात निजला होता, दुसऱ्या कोपऱ्यात दोरवाला बसला होता. रुंद छातीचा माणूस. त्याचा खांदा पुढे आणि खाली आला होता, त्यामुळे तो एका बाजूला कुणीतरी कापून घेतल्यासारखा दिसत होता. आढ्याचा दोर आज कुणी गुंडाळला नव्हता. तो त्यानेच वळलेला होता. चौकीला लागणारे सगळे दोर त्याच्याकडूनच जात.

"कालच्यासारखंच कर," जमादार म्हणाला. त्याने रात्रभर डोळ्याला डोळा लावला नव्हता हे दिसत होतं. "हा आडमुठा आहे. याला जास्त वेळ लागेल."

हाडवैद्य आत गेला नाही. दारातच बाहेरच्या बाजूला तोंड करून उभा राहिला, लोकांकडे. गर्दीसमोर तो कधी बोलला नव्हता.

"काल ते नाव गुराख्याने सांगितलं नाही. मी सांगितलं. खांदा अर्धा बसलेला असताना धरून ठेवला आणि नाव विचारलं. तो हो म्हणाला. दुसरं नाव विचारलं असतं तर त्यालाही हो म्हणाला असता, तसं तो बोललासुद्धा. साहेबांनी वहीत त्याच्या नावावर लिहिलंय. ते माझं आहे. मी सही करतो तिथे."

पुढे उभे होते त्यांनी एकमेकांकडे बघितलं. मग मागून एक जण म्हणाला, "मग बैल कुणी नेले?"

"मला ठाऊक नाही."

"ठाऊक नाही तर कशाला मध्ये पडता? म्हातारपणी दया सुचली? तुमची जोडी नको असेल तुम्हाला, आमचे आम्हाला हवेत."

"मलाही हवी आहे," हाडवैद्य म्हणाला. "घरी सून ओढते पाभर. सगळ्यांनी बघितलंय."

जमादार त्याच्या दंडाला धरून कानाशी म्हणाला, "तुझी सही घेऊन तुलाच आत बसवू का?"

"बसवा."

"अरे, पण बाजार परवा आहे रे," जमादार म्हणाला. त्या बोलण्यात धमकी राहिली नव्हती, नुसती थकल्या माणसाची कुरकुर होती. त्याने बाहेर बघितलं. तीस माणसांनी ऐकलं होतं. घळीत काही मिळालं नव्हतं, अंगणात काही मिळालं नव्हतं. तो टेबलापाशी गेला आणि वही मिटून बसला. "घेऊन जा त्याला," भिंतीकडे बघत म्हणाला. "दोरवाल्याला. गुराखी बाजार होईपर्यंत राहील. त्याला हात लावणार नाही कुणी. जा."

मुलगा दाराशीच होता. सगळ्यांच्या नजरा बापावरून घसरून त्याच्यावर येत होत्या, आणि त्याला कुठे बघावं कळत नव्हतं. गर्दी हळूहळू पांगली. शिव्या जमादाराला होत्या, हाडवैद्याला होत्या, गुराख्याला होत्या. बैलांना त्या पोचायच्या नव्हत्या. बैल पुढेही कुणाला सापडले नाहीत. गुराख्याला काही ठाऊक होतं की नव्हतं, हेही कधी कळलं नाही.

हाडवैद्य आत जाऊन दोरवाल्यापुढे बसला. "आडवा हो. आत्ताच बसवला पाहिजे. दुपारपर्यंत सूज आली की फार जड जाईल."

दोरवाल्याने त्याच्याकडे बघितलं. "हात लावू नका."

"अरे, माझ्यावरचा राग नंतर काढ. आधी—"

"हात लावू नका म्हटलं ना तात्या."

"दुखतंय ना?"

"दुखू दे."

हाडवैद्याचे हात तेल लावून तयार होते. ते त्याने मांडीवर ठेवले. चाळीस वर्षांत माणसं त्या हातांना घाबरली होती, किंचाळली होती, एकाने चावाही घेतला होता. पण नको कुणी म्हटलं नव्हतं.

दोरवाल्याची बायको आली. तिला वाटेत सगळं कळलं होतं. ती हाडवैद्याच्या बाजूने गेली, पण त्याच्याकडे बघितलं नाही. नवऱ्याला काखेत हात घालून उठवताना ती म्हणाली, "धरणाच्या गावाला दुसरा आहे एक हाडं बसवणारा."

"सात कोस आहे ते," हाडवैद्य म्हणाला. "ह्या हाताने सात कोस जाणार? निदान माझ्या मुलाला खांदा धरू द्या, मी लांबून सांगतो—"

मुलगा पुढे झाला. दोरवाल्याने त्याच्याकडेही बघितलं, आणि मुलगा होता तिथेच थांबला.

दोरवाल्याच्या बायकोने डोक्याला बांधलेलं फडकं सोडून त्याची झोळी केली आणि नवऱ्याचा हात तीत ठेवला. गाठ मारली ती मानेच्या मधोमध, हाडावर. दोघं चौकीच्या पायऱ्या उतरली. प्रत्येक पायरीला दोरवाला थांबत होता, तोंड मिटून, नाकाने श्वास घेत होता. हाडवैद्य पाचदहा पावलं अंतर ठेवून मागे चालत राहिला. त्याला दिसत होतं, ही गाठ एक कोसही टिकणार नाही. मान सोलेल, हात खाली लोंबेल, आणि मग रस्त्यात काय करतील?

ओढ्यापाशी त्याच्याने राहवलं नाही.

"पोरी," त्याने दोरवाल्याच्या बायकोला हाक मारली. "गाठ मानेवर नको. चांगल्या खांद्याच्या बाजूला घे. आणि कोपर थोडं वर."

ती थांबली. वळली नाही. तिने गाठ सोडली, चांगल्या खांद्याच्या बाजूला घेतली, घट्ट ओढली, आणि नवऱ्याचं कोपर वर उचलून झोळीत नीट बसवलं. मग दोघं ओढ्यात उतरली.